दम्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर : आईला न्यावं का? अनुभव आणि माहिती हवी आहे

केतकी_सांगली

नमस्कार. धागा आईसाठी काढतेय. तिचं वय ६२, दमा चाळिशीपासून. पावसाळा लागला की छाती भरते, मग थंडीत, मग मार्चमध्ये हवा बदलली की पुन्हा. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत. निळा धाप लागली की घ्यायचा, दुसरा सकाळ-संध्याकाळ रोजचा. रोजचा ती घेतच नाही. "बरं असताना औषध कशाला? आणि त्यात स्टिरॉइड असतं," हे तिचं म्हणणं. निळा मात्र कायम उशाशी असतो आणि महिनाभरात संपतो. चारचौघांत घ्यायची तिला लाज वाटते. मागे एका लग्नात पंगतीतून उठून ती पार्किंगमध्ये गेली, गाडीच्या आडोशाला उभी राहून दोन पफ घेतले, पदराने तोंड पुसलं आणि परत येऊन पानावर बसली.

शेजारच्या काकूंचा गुडघा अ‍ॅक्युपंक्चरने बराच हलका झाला. त्याच आईला तिथे घेऊन गेल्या. तिथे सांगितलं की दमा मुळापासून जातो, आठवड्यातून दोनदा असा तीन महिन्यांचा कोर्स करा, आणि पहिल्या महिन्यानंतर पंप हळूहळू बंद करू. आई फार आशेने परत आली आहे. "पंप सुटणार" हे ऐकून तिचा चेहरा जो खुलला, तो बघून मला नाही म्हणवत नाही. आणि हो म्हणायचीही भीती वाटते.

कुणी दम्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर घेतलं आहे का? त्याने खरंच श्वास सुधारतो का? सुया टोचण्यात काही धोका आहे का? पंप बंद करण्याबद्दल तुमचं मत काय?

हिरवाचाफा

मी घेतलं आहे, पुण्यात. सर्दी-शिंका आणि त्यामागून येणारी छातीतली घरघर, असा माझा त्रास आहे. अनुभव चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुया अगदी बारीक असतात, इंजेक्शनच्या सुईशी तुलनाच नको. टोचताना कळत नाही, पण थोड्या वेळाने आत एक जड, बधिर अशी कळ येते. ती आली की उपचार करणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "बरोबर बसली." मान खाली घातली की मागे जे मोठं हाड हाताला लागतं, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सुई. बाकीच्या मनगटाजवळ, कोपराच्या घडीत, पायावर. मग वीस-पंचवीस मिनिटं मंद उजेडात नुसतं पडून राहायचं. मला बहुतेक वेळा झोप लागायची. घरी आल्यावर रात्रीची झोप छान व्हायची, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटायचं.

माझा पंप मी सुरूच ठेवला होता. तो बंद करा असं मला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. केतकी, आईंना जरूर न्या. इतकी आशा असेल तर त्याचाही उपयोग होतो.

गोदाकाठचा_माणूस

आमच्याकडे नांदेड-देगलूर पट्ट्यात दम्याचा माणूस म्हटलं की मृगाला हैदराबादला न्यायचं, हे ठरलेलंच. तिथे बथिनी घराण्यातली मंडळी मरळ माशाच्या तोंडात औषध भरून तो जिवंत मासा रुग्णाला गिळायला देतात. माझ्या वडिलांना नेलं होतं. रात्रभर रांग, आणि रांगेत शेजारी-पाजारी सगळे आमच्याच भागातले. तीन वर्षं लागोपाठ जावं लागतं आणि नंतर पथ्यही असतं.

वडिलांना पहिल्या वर्षी बरं वाटलं, खरंच वाटलं. आम्ही सगळ्या गावाला सांगत फिरलो. पुढच्या थंडीत रात्री दोनला धाप लागली, घरात पंपच नव्हता, कारण "आता लागत नाही" म्हणून नवा आणलाच नव्हता. जीप करून तालुक्याला नेलं. वाचले. तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच आहे ताई : मासा घ्या, सुया घ्या, काय घ्यायचं ते घ्या, पण पंप घरातून हलवू नका.

आकडेमोड

केतकी, तुमच्या "खरंच श्वास सुधारतो का" या प्रश्नाला फार जवळून भिडणारा एक प्रयोग झालेला आहे. थोडं लांबण लागेल, पण तो नीट सांगायलाच हवा.

२०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो छापून आला. बॉस्टनच्या संशोधकांनी दम्याचे ४६ रुग्ण घेतले, त्यातले ३९ शेवटपर्यंत टिकले. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी मिळाल्या, त्याही पुन्हा पुन्हा, क्रम बदलून. एक, सॅल्ब्युटॅमॉलचा खरा पंप, म्हणजे आपला निळा. दोन, अगदी तसाच दिसणारा पण औषध नसलेला पंप. तीन, नकली अ‍ॅक्युपंक्चर, ज्यात सुई टोचल्यासारखी वाटते पण कातडीत शिरत नाही. चार, काहीच नाही, नुसतं बसून राहायचं.

प्रत्येक वेळी दोन गोष्टी बघितल्या. यंत्रात जोराने फुंकायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजलं. आणि रुग्णाला विचारलं, किती बरं वाटतंय?

यंत्राचं उत्तर : खऱ्या पंपाने हवा सुमारे २० टक्क्यांनी वाढली. बाकी तिन्हींत, अगदी नुसतं बसण्यातसुद्धा, सुमारे ७ टक्के. म्हणजे नकली पंप, नकली सुया आणि रिकामं बसणं यांत फुफ्फुसांच्या दृष्टीने फरक शून्य.

रुग्णांचं उत्तर : खऱ्या पंपानंतर ५० टक्के सुधारणा, नकली पंपानंतर ४५, नकली सुयांनंतर ४६, नुसतं बसल्यावर २१.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. माणसाला खऱ्या औषधाने जितकं बरं वाटलं, जवळजवळ तितकंच नकली सुयांनीही वाटलं. पण श्वासनलिका उघडली ती फक्त औषधाने. दम्याच्या बाबतीत "मला बरं वाटतंय" आणि "माझी श्वासनलिका उघडली आहे" ही दोन स्वतंत्र वाक्यं आहेत. मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

हिरवाचाफा

आकडेमोड, म्हणजे मला जे वाटलं ते खोटं होतं असं म्हणायचंय का? मी रात्री शांत झोपत होते. हे कसं खोटं असेल?

आकडेमोड

अजिबात नाही. तुम्हाला बरं वाटलं हे शंभर टक्के खरं. धाप लागली की भीती वाटते, भीतीने श्वास उथळ आणि भराभर होतो, खांदे-मान आखडतात, आणि त्याने धाप आणखी जाणवते. कुणीतरी शांतपणे वेळ दिला, अंग सैल झालं, झोप लागली, तर हे चक्र तुटतं. हा फायदा छोटा नाही. मी तो नाकारत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. गुडघा दुखायचा थांबला तर काम झालं, कारण तिथे त्रास म्हणजेच दुखणं. दम्यात तसं नाही. आत सूज तशीच असताना त्रास जाणवणं कमी झालं, तर माणूस सावध राहत नाही. गोदाकाठच्या दादांनी वडिलांचं जे लिहिलंय ते नेमकं हेच आहे.

निसर्गस्पर्श

मी स्वतः अ‍ॅक्युपंक्चर करतो, अनेक वर्षं. आधी एक गोष्ट आकडेमोड यांच्यासाठी : तो प्रयोग नकली सुयांचा होता. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरला त्या प्रयोगात जागाच नव्हती. त्यामुळे त्यावरून आमची पद्धत निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष कुणी काढू नये.

बाकी, केतकीताई, पंप बंद करू असं जे सांगितलं गेलं त्याच्याशी मी पूर्ण असहमत आहे. दम्याच्या पेशंटचा पंप मी कधीही बंद करायला सांगत नाही. ते काम त्यांच्या छातीच्या डॉक्टरांचं. माझ्याकडे येताना पंप पर्समध्ये हवाच, असा माझा नियम आहे.

जिथे जाल तिथे काही गोष्टी बघून घ्या. सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर फोडलेल्या हव्यात. वापरलेल्या सुया टाकायला वेगळा डबा हवा. आणि उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषदही आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. विचारायला संकोचू नका, आम्हाला त्याचा राग येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दमा आहे, हेही नमूद करतो. आणि चीनला जाऊन सेवा केलेल्या आपल्या डॉ. कोटणीसांच्या भूमीत या चिनी पद्धतीकडे परकं म्हणून बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

आकडेमोड

निसर्गस्पर्श, नकली सुयांचा मुद्दा एकदम रास्त आहे. म्हणून खऱ्या सुयांचंही लिहितो. कॉक्रेन या संस्थेने खऱ्या आणि नकली अ‍ॅक्युपंक्चरची दम्यातली तुलना करणाऱ्या चाचण्या गोळा करून तपासल्या. निकषात बसल्या १२, सगळ्या मिळून रुग्ण ३५०. निष्कर्ष असा की चाचण्या लहान, नोंदी अपुऱ्या, आणि त्यांच्या आधारावर दम्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवता येत नाही. "अपाय होतो" असं म्हटलेलं नाही आणि "उपयोग होतो" असंही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची यादी बऱ्याच दवाखान्यांत भिंतीवर लावलेली असते. २००३च्या त्या अहवालात आजारांचे गट पाडले आहेत. दमा पहिल्या गटात नाही. तो "परिणाम दिसला आहे, पण आणखी पुरावा हवा" या दुसऱ्या गटात आहे. भिंतीवर गटाचं नाव सहसा लावत नाहीत.

सिद्धेश्वरपेठ

मी सोलापूरचा, त्यामुळे कोटणीसांचं नाव आलं की राहवत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे शल्यविशारद म्हणून लढले, आघाडीवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, तिथेच लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय. सोलापूरला आलात तर बघा, मी दाखवायला येईन.

पण ते सुया टोचणारे नव्हते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातले बंगालचे डॉ. विजयकुमार बसू यांनी, कोटणीस गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९५० च्या दशकाच्या शेवटी चीनला पुन्हा जाऊन शिकून आल्यावर. कलकत्त्यात त्यांनी ते रुजवलं आणि कोटणीसांच्या नावाच्या समितीमुळे दोन्ही नावं एकत्र जोडली गेली. कोटणीसांचं मोठेपण त्यांच्या शस्त्रक्रियांत आणि त्यागात आहे. त्यांच्या नावावर कुठल्या उपचाराची हमी देऊ नये, एवढीच विनंती.

निसर्गस्पर्श

सिद्धेश्वरपेठ, माहितीबद्दल धन्यवाद. सोलापूरला आलो की नक्की कळवतो.

वारणाकाठ

छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, कोल्हापूर भागात प्रॅक्टिस करतो. ऑनलाइन कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे आईंचे उपचार त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण मूळ धाग्यातलं एक वाक्य वाचून लिहायलाच हवं असं वाटलं.

"निळा महिनाभरात संपतो."

केतकीताई, या धाग्यातली सगळ्यात काळजीची ओळ ही आहे. सुयांचा प्रश्न त्यानंतर. एका निळ्या पंपात साधारण २०० पफ असतात. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. महिन्याला एक लागत असेल तर मृत्यूचा धोका वाढतो. घाबरवायला लिहीत नाही, पण आईंना आत्ता, याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

कारण असं आहे. दमा म्हणजे श्वासनलिकांची कायमची सूज. त्या सुजेमुळे नळ्या चिडक्या होतात आणि धूळ, थंड हवा, परागकण लागले की आकसतात. निळा पंप आकसलेली नळी पाच-दहा मिनिटांत सैल करतो, पण सुजेला हातही लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप. आईंनी तोच बंद ठेवलाय. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी, ज्यांना आम्ही जीना म्हणतो, २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसांचा दमा नुसत्या निळ्या पंपावर ठेवायचा नाही.

स्टिरॉइडची भीती मला रोज ऐकावी लागते. रोजच्या पंपात एका पफला समजा २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. झटका आला की आम्ही ज्या गोळ्या देतो त्या दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. आणि त्या सगळ्या अंगभर फिरतात, पंपाचं औषध बहुतेक छातीतच काम करतं. दोन्ही औषधं वेगवेगळी आहेत, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण प्रमाण कळावं म्हणून दिला. रोजचा पंप टाळणारा रुग्ण स्टिरॉइड टाळत नाही. तो वर्षातून दोनदा गोळ्यांच्या रूपाने कितीतरी जास्त घेतो.

आता सुयांचा धोका. अनुभवी हातात अ‍ॅक्युपंक्चर बहुतांशी सुरक्षित आहे. पण छातीवर, खांद्याच्या वर आणि पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडून छातीत हवा साठू शकते. दुर्मीळ आहे, पण घडल्याच्या नोंदी आहेत. दम्याच्या पेशंटमध्ये पंचाईत अशी की एकदम धाप लागली तर सगळे म्हणतात दमाच उसळला. सुया घेतल्यावर, अगदी काही तासांनीसुद्धा, एका बाजूला छातीत कळ आणि धाप आली तर थेट हॉस्पिटल गाठा आणि सुया घेतल्याचं आवर्जून सांगा.

निसर्गस्पर्श यांच्यासारखे पंपाला हात न लावणारे भेटले, तर पूरक म्हणून घ्यायला माझी हरकत नसते. माझे काही पेशंट घेतात. मी त्यांना एकच अट घालतो : पीक फ्लो मीटर घ्या. फुंकरीचा जोर मोजणारी प्लॅस्टिकची नळी असते, औषधाच्या दुकानात मिळते. सकाळी आणि रात्री उभं राहून पूर्ण श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं, तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. तब्येत उत्तम असताना येणारा आकडा हा तुमचा स्वतःचा शंभर टक्के. त्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक. ८० ते ५० मध्ये आलात तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. ५० च्या खाली गेलात तर निळा पंप घेऊन लगेच निघायचं, मग बरं वाटत असो वा नसो. सुयांनी खरंच फुफ्फुसं सुधारली तर वहीत दिसेल. नाही सुधारली तर तेही दिसेल.

आणि वाक्य एका दमात पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले, माणूस गुंगीत जायला लागला, किंवा घरघर थांबली पण धाप वाढली, तर वही-मीटर काही बघत बसू नका. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ नळीतून, निळा पंप देत देत हॉस्पिटलला निघा.

गोदाकाठचा_माणूस

"घरघर थांबली पण धाप वाढली." डॉक्टरसाहेब, वडिलांचं त्या रात्री असंच झालं होतं. आवाज बंद झाला म्हणून आम्हाला वाटलं उतरतंय.

वारणाकाठ

हवा आत-बाहेर जायचीच जवळजवळ थांबते, म्हणून आवाज येत नाही. तुम्ही वेळेत निघालात हे फार चांगलं केलंत.

राईनकाठ

मी गेली बरीच वर्षं जर्मनीत, कोलोनजवळ. इथे अ‍ॅक्युपंक्चर रुळलेलं आहे, सुया टोचणारे बहुतेक एमडी डॉक्टरच असतात. २००७ पासून सरकारी आरोग्य विमा अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो, पण फक्त कंबरेच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी. दम्यासाठी देत नाही. मोठमोठ्या चाचण्या करून मग ठरवलेलं आहे हे. केतकी, तुमच्या काकूंच्या गुडघ्याला उतार पडला आणि तोच न्याय दम्याला लावता येईल का, याचं इथलं उत्तर असं आहे.

अ‍ॅलर्जीच्या दम्यावर इथे एक मोठी चाचणीही झाली, २०१७ मध्ये छापली गेली. ३५७ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर तीन महिन्यांत १५ वेळा अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला तीन महिने नुसती नेहमीची औषधं. सुयांच्या गटात रोजचं जगणं सुसह्य झालं, प्रश्नावलीत आकडे चांगले आले. पण नकली सुयांचा गट ठेवला नव्हता, त्यामुळे श्रेय सुयांना द्यायचं की मिळालेल्या वेळेला आणि आशेला, हे त्यातून कळत नाही. आणि "नेहमीच्या औषधांबरोबर" हे दोन शब्द आईंना वाचून दाखवा.

माझ्या मैत्रिणीला इथे श्वासाचे व्यायाम शिकवले गेले, फिजिओथेरपिस्टकडून. नाकाने सावकाश श्वास, पोटाने श्वास, घाबरल्यावर काय करायचं ते. दम्यात औषधांना जोड म्हणून याला अ‍ॅक्युपंक्चरपेक्षा बराच बरा आधार आहे, ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांतही त्याची शिफारस आहे. आपल्याकडे प्राणायाम माहीत असलेल्या बाईला हे लवकर जमेल. फक्त दम्यात कपालभाती वगैरे जोरकस प्रकार विचारल्याशिवाय नकोत.

मोगरा_दारचा

अवांतर नाही, पण घरातल्या गोष्टींवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलाला बाळदमा होता. आम्ही दवाखाने पालथे घातले आणि रोज रात्री त्याच्याच खोलीत डासांची कॉइल लावत होतो! २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात असं मोजलंय. कॉइल बंद केली, मच्छरदाणी आणली. उदबत्ती-धूप बाहेरच्या ओट्यावर. जुन्या गाद्या-गोधड्या कडक उन्हात टाकायला लागलो, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. भिंतीला ओल होती तिथली बुरशी काढली. घरामागे गाजर गवत माजलं होतं, ते फुलायच्या आत सोसायटीने काढून घेतलं.

केतकी, सांगलीत पुरानंतर घरांच्या भिंती ओल धरतात. आईंच्या पलंगामागची भिंत हात लावून बघाल का?

केतकी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. किती जणांनी वेळ काढून लिहिलंत. गोदाकाठच्या दादांचं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

मोगराताई, भिंत बघितली. कपाटामागे काळे डाग आहेत. आईचा पलंग आजच हलवला.

वारणाकाठ डॉक्टर, छातीच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली आहे. काल आईला पंप घेताना नीट बघितलं. तिने पंप तोंडात धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. औषधाचा फवारा ओठांतून बाहेर येताना मला स्पष्ट दिसला. म्हणजे इतकी वर्षं औषध आत जातच नव्हतं का?

वारणाकाठ

थोडं जातं, बरंचसं तोंडात आणि घशात चिकटतं. हे फार जणांचं होतं आणि दोष रुग्णाचा नसतो. दवाखान्यात आम्ही घाईत एकदा दाखवतो आणि पुढे कुणी विचारत नाही.

तिला स्पेसर घ्या. मोठी पोकळ नळी असते, एका टोकाला पंप बसतो. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, आधी सावकाश श्वास सोडायचा. मग तोंडात धरून एकदा दाबायचा आणि सावकाश, खोल श्वास घ्यायचा. जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. कॅप्सूलवाला पंप असेल तर मात्र उलट : तिथे जोरात आणि वेगाने ओढायचं, स्पेसर लागत नाही. गुरुवारी दोन्ही पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा.

हिरवाचाफा

हे वाचून मीपण आरशासमोर उभी राहून पंप घेऊन बघितला. माझा बरोबर आहे. :) केतकी, लाजेबद्दल एक सुचवू? माझ्या ऑफिसात मी टेबलावरच पंप ठेवते, पाण्याच्या बाटलीशेजारी. सुरुवातीला दोघी-तिघींनी विचारलं, नंतर त्यातल्याच एकीने मला एकटीला गाठून सांगितलं की तिलाही दमा आहे. आईंसोबत तुम्ही एखाद्या कार्यक्रमात नुसतं शेजारी उभं राहिलात तरी त्यांना पार्किंगमध्ये जावं लागणार नाही.

केतकी_सांगली

हे करेनच.

अ‍ॅक्युपंक्चरबद्दल आईशी बोलले. आधी छातीचे डॉक्टर, रोजचा पंप आणि पीक फ्लोची वही, असं ठरलंय. वही दोन-तीन महिने नीट लिहिली की मग हवं तर सुया, पण पंप बंद करायला सांगणाऱ्या त्या जागी नाही. तिला वाईट वाटलं. पंप सुटेल अशी आशा तिने फार धरली होती. निसर्गस्पर्श, तुमच्या ओळखीचं सांगलीत कुणी असेल तर व्यनि (खासगी निरोप) कराल का?

डॉक्टर, एक शेवटचं. गुरुवारी फुंकायची चाचणी, स्पायरोमेट्री, करणार आहेत. त्या दिवशी सकाळी निळा पंप घ्यायचा का?

निसर्गस्पर्श

व्यनि केला आहे. त्यांना आधीच सांगून ठेवतो की छातीच्या डॉक्टरांचे कागद बघितल्याशिवाय सुरू करायचं नाही.

वारणाकाठ

चाचणीआधी चार ते सहा तास निळा पंप टाळलेला बरा, म्हणजे औषध नसताना फुफ्फुसं कशी आहेत ते कळतं. नंतर तेच लोक पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतील आणि किती फरक पडतो ते बघतील. पण सकाळी धाप लागली तर चाचणीसाठी अजिबात थांबायचं नाही. पंप घ्यायचा आणि किती वाजता घेतला ते तिथे सांगायचं. वेळ सकाळचीच आहे ना? घट्ट पोलकं नको आणि भरपेट नाश्ता करून नेऊ नका, फुंकायला त्रास होतो.